निम्मी सीडी वाया

गेल्या महिन्यात बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानात, चारचौघांसमोर, माझे कान निकालात काढण्यात आले. मी तिथे कान दाखवायला गेलो नव्हतो. सीडी प्लेयर घ्यायला गेलो होतो.

मागचं थोडक्यात सांगतो. घरात जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, दोन लाकडी स्पीकर आहेत, दोन्ही ठणठणीत. गेला तो सीडी प्लेयर. सीडी घातली की आत घेतो, गरगर फिरवतो, बराच वेळ विचार करतो आणि 'नो डिस्क' अशी पाटी लावून मोकळा होतो. डिस्क आत असताना! शहापूरच्या मेकॅनिकने लेन्सवर स्पिरिटचा बोळा फिरवला, त्यावर दिवाळी निघाली. पुढच्या खेपेला त्यानेच हात वर केले. "लेझर म्हातारा झालाय वो. पार्ट येत नाही आता."

"फोनवर सगळं आहे की बाबा," असं पुण्याहून चिरंजीव सांगतात. आहे, मान्य. भैरवी संपते न संपते तोच एक बाई किंचाळून बनियनची जाहिरात करते, तेही फोनवरच आहे. शिवाय माझ्या खणातल्या निम्म्या सीड्या बाजारातल्या नाहीतच. खानापूरच्या एका स्नेह्यांनी जुन्या बैठकींच्या कॅसेटी कोऱ्या सीड्यांवर उतरवून दिलेल्या आहेत. त्यात तबलजी चहा मागतोय, कोणाचं तरी पोर रडतंय, मधेच वीज जाते आणि गवई तसाच गात राहतो. हे कुठल्या फोनवर मिळणार? आणि नेमक्या याच सीड्या आमचा म्हातारा आधी नाकारतो. छापील सीडीपेक्षा घरी भरलेल्या सीडीवरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे थकलेल्या लेझरला त्या दिसेनाशा होतात.

तर १५ हजारांचं बजेट खिशात घालून मी बाहेर पडलो. आता १५ हजार ही रक्कम मोठी चमत्कारिक. सौभाग्यवतींना सांगितली तर त्या खुर्चीत बसतात, आणि हायफायवाल्याला सांगितली तर तो उठून उभा राहतो, आपल्याला दारापर्यंत पोचवायला.

"बर्री सर, बर्री." दुकानदाराने स्वागत केलं आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्यापुढे चाकं असलेला, कमरेइतका उंच स्पीकर ढकलत आणला. त्याच्या पोटात लाल-निळे दिवे फिरत होते. "ब्लूटूथ हाय, एफएम हाय, पेनड्राइव्ह हाय, माईक फ्री."

"सीडी?"

"सीडी इल्ल री." असं म्हणून त्याने दिव्यांचा वेग वाढवून दाखवला.

मी नेट धरला. शेवटी माळ्यावरून पोऱ्याने एक डीव्हीडी प्लेयर काढला. खोक्यावरची धूळ माझ्या शर्टाला पुसली गेली. किंमत २२०० रुपये. सीडी वाजते का, तर वाजते. डीव्हीडी प्लेयरवर सीडी वाजतेच, आणि मागे लाल-पांढरी भोकंही असतात, आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला सरळ जोडता येतात. स्वस्तात भागवायचं तर हाच मार्ग, हे मलाही ठाऊक होतं. पण या डब्याला आकड्यांची खिडकीच नव्हती. कितवं गाणं चाललंय हे बघायचं तर टीव्ही लावावा लागणार. आमच्याकडे संध्याकाळी टीव्ही लागला की त्याच्यासमोर माणसं बसतात, आणि बसलेली माणसं मारव्यासाठी मालिका सोडत नाहीत.

मी हे दुकानदाराला समजावत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "किती सीड्या हाईत तुमच्याकडं?"

वळून बघितलं. स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर मिक्सरचं स्टीलचं भांडं, पाती खालून निसटलेली. दुरुस्तीला आले होते, आणि पात्याचा रबर येईपर्यंत त्यांना काही काम नव्हतं. पोऱ्या त्यांना मामा म्हणत होता, म्हणून आपणही मामाच म्हणू.

"असतील दोनशे-अडीचशे," मी म्हणालो. इथेच गप्प बसायला हवं होतं, पण आपल्याकडे वडीलधाऱ्याने विचारलं की उत्तर द्यायचं असतं.

"कुठले म्हणायचे तुम्ही?"

"टिळकवाडी."

"मूळचे?"

मूळ गाव झालं. आडनाव झालं. आजोळ झालं. चंदगडकडचे कोणी पाहुणे निघतात का हे तपासून झालं, निघाले नाहीत याचं दोघांनाही वाईट वाटलं. मग मामांनी भांडं खाली ठेवलं आणि हिशेबाला बसले. "१५ हजार भागिले अडीचशे. एका सीडीला ६० रुपये पडले बघा. नुसतं ऐकायचे! तेवढ्यात अर्धा लिटर तेल येतंय." दुकानात जीरा-चार्जर घ्यायला आलेल्या एका बाईंनी मान डोलावली. (जीरा-चार्जर म्हणजे काय ते विचारू नका. त्यांच्या पिशवीत जिरं होतं, हातात चार्जर होता.)

"मामा, पण मला सीडीच ऐकायच्या आहेत."

"ऐका की! कोण नको म्हणतंय? पण चौकशी करून घ्यावं माणसानं. थांबा, आमचा भाचा बेंगळुरूला असतो. त्यातलाच हाय तो."

'त्यातला' म्हणजे कशातला हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर भाच्याची नुसती हनुवटी आणि वर फिरणारा पंखा. मामांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला, मग स्वतःच्या, मग मिक्सरच्या भांड्यासमोरही एकदा. भाचा मात्र खरोखर जाणकार निघाला, हे कबूल करायला हवं, आणि त्यामुळेच सगळा घोटाळा झाला. त्याने सांगितलं, सीडी सोनी आणि फिलिप्सने १९८२ साली बाजारात आणली, तीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, त्यामुळे २२ हजार हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला २२ हजार कंपनांपर्यंतचा, आवाज तीत मावतो. तरुण माणसाला २० हजारांपर्यंत ऐकू येतं. पुढे वयानुसार वरचं ऐकू येणं कमी होत जातं.

"ह्यांचं वय काय?" भाच्याने विचारलं.

"साठीला टेकलेत," मामांनी परस्पर उत्तर दिलं. मला अठ्ठावन्नावं चालू आहे.

"मग १२ हजारांच्या वर फारसं काही ऐकू येत नसेल."

मामा थोडा वेळ हनुवटीकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला आणि त्यांनी सगळ्या खडेबाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "२२ हजारांतलं १२च ऐकू येणार! म्हणजे निम्मी सीडी वायाच की वो! मग निम्म्या किमतीचं मशिन घ्या!"

दुकानदाराला हे पटलं. बाईंना पटलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते सुचायच्या आत पोऱ्याने स्वतःच्या फोनवर कानाची परीक्षा घेणारं काहीतरी उघडलंसुद्धा. मला भिंतीशी उभं केलं. पोऱ्या दारात. आठ हजार. "येऊलंय काय ऐकू?" येत होतं. दहा हजार. येत होतं. त्यात बाहेरून एक टमटम हॉर्न देत गेली, तीही आली. बारा हजार. मी डोळे मिटले. काहीतरी आहे असं वाटलं, पण ते ट्यूबलाईटचं निघालं.

"नाही ना आलं?" मामा.

"रस्त्याचा आवाज आहे हो!"

"मला आलं की!" असं मामा म्हणाले. पोऱ्याने अजून बटण दाबायचं होतं. बाईंच्या सोबत आलेलं पाच-सहा वर्षांचं कार्टं मात्र नंतर खरोखर दोन्ही कान दाबून नाचायला लागलं, आणि सगळे त्याच्याकडे कौतुकाने आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघायला लागले. दुकानदाराने मला बसायला खुर्ची दिली. आल्यापासून पहिल्यांदाच.

"दवाखान्यात दाखवा एकदा," बाई निघताना म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांनी पण टाळलं, मग फार झालं."

मी काही न घेता बाहेर पडलो. उत्तर सुचलं ते टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटापाशी, फाटक पडलेलं असताना. अहो, हर्ट्झ काय पोत्यातल्या गव्हासारखे मोजतात? आकडा दुप्पट झाला की एक सप्तक वर जातं. ११ ते २२ हजार हे सगळं मिळून एकच सप्तक! माणसाचा कान चांगला असतो तेव्हा २० हर्ट्झपासून २० हजारांपर्यंत दहाएक सप्तकं ऐकतो, त्यातलं शेवटचं, तेही पुरं नाही, माझं गेलं. पियानोची शेवटची पट्टीसुद्धा चार हजार हर्ट्झच्या थोडी वर संपते. आमच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व काय बारा हजार हर्ट्झवर गात होते? झांजांची किणकिण, तंबोऱ्याची थोडी झळाळी तेवढी त्या वरच्या मजल्यावर राहते. निम्मी सीडी म्हणे! मी फाटकाशी हे मोठ्याने बोललो असणार, कारण शेजारच्या स्कूटीवाल्या मुलीने गाडी थोडी पुढे घेतली.

आणि उलट हिशेब करायचा तर पूर्ण करा. ग्रामोफोनच्या जुन्या तव्याच्या एका बाजूला तीन मिनिटं. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांना तेवढ्यात काय ते आटपावं लागायचं. मग एलपी आली, तिची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची. विलंबित जरा रंगायला लागलं की उठून तबकडी उलटायची. सीडीत ७४ मिनिटं. बसल्या बैठकीला पुरा राग, वर एक ठुमरी. आमच्या गाण्याला पहिल्यांदा पाय पसरायला जागा मिळाली ती या बारा सेंटिमीटरच्या चकतीत, आणि आता चकती भंगारात काढा म्हणतात.

असो. राग गेला नव्हता, म्हणून बजेट गेलं. मरँट्झ, डेनॉन, यामाहा अशा मोजक्या कंपन्या अजून साधे सीडी प्लेयर बनवतात. पण १५ हजारांत त्यांचं खोकंही मिळत नाही. जुना घ्यावा तर त्याचा लेझर किती जणांनी झिजवलाय कोण सांगणार? स्कूटर घेताना किलोमीटर तरी दिसतात. मग मी ज्या कंपनीचं यंत्र मनात धरलं होतं तिच्या कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी पिनकोड विचारला. ५९०००६ म्हटल्यावर बाईंचा आवाज बदलला. "तुम्ही कर्नाटकात येता सर, हुबळीला विचारा." हुबळीने सांगितलं, हे मॉडेल आम्ही उघडत नाही, बेंगळुरूला पाठवा. पाठवायचा खर्च? तुमचा. कोल्हापूर इथून शंभरेक किलोमीटर, बेंगळुरू पाचशे. सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे, त्याचं व्हायचं तेव्हा होईल. पण माझ्या सीडी प्लेयरने कुठल्या राज्यात बिघडायचं ते कंपनीने कधीच ठरवून टाकलंय. हसण्यावारी नेतोय, पण इथे राहून कुठलीही वस्तू घेतली की हेच. पैसे घ्यायला दोन्ही बाजू तयार, दुरुस्तीला आम्ही नेहमी पलीकडचे.

शेवटी बेंगळुरूच्या एका दुकानातून मागवला. किती पडले ते घरात वेगळं सांगितलंय, त्यामुळे इथे लिहीत नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, कोणाच्या तरी नारळांच्या पोत्याखालून आला. पण जागेवर आहे. खानापूरच्या सीड्या न कुरकुरता वाजवतो. तबलजी चहा मागतो ते स्पष्ट ऐकू येतं, आणि यावेळी कोणीतरी त्याला "थांब की" म्हणतं, हे मला जुन्या यंत्रावर कधी कळलंच नव्हतं. या कानांना, बरं का.

परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात मामा. टिळकवाडी आणि आडनाव, एवढ्या भांडवलावर पत्ता काढत आले होते. बेळगावात ते अवघड नाही. हातात प्लास्टिकची पिशवी. "आणलाय म्हणं तुम्ही. भाचा म्हणाला, तेच दुकान त्यानंच सुचवलं असतं." सौभाग्यवतींनी कुंदा दिला, चहा दिला. मामांनी यंत्राला पुढून-मागून बघितलं, झाकणावर हात फिरवला, आणि पिशवीतून एक सीडी काढली. वरती मार्करने लिहिलं होतं, 'सुनंदाचं लग्न, भाग २'.

"मामा, ही व्हिडिओ सीडी आहे. ह्यात नाही चालणार."

"लावा तर."

लावली. यंत्राने आत घेतली, फिरवली आणि एरर दाखवला. मामांनी आधी माझ्याकडे, मग कोपऱ्यातल्या टीव्हीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"कितीला पडलं हे?"

सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या. मी घरातला आकडा सांगितला.

"१५ हजार घालून लग्न दिसत नाही?" मामांनी उरलेला कुंदा तोंडात टाकला. "त्या दुकानातला डीव्हीडीवाला २२००चा हाय अजून. उद्या जाऊ चला, मी सांगतो त्याला दोन हजाराला द्यायला."