जड व्यक्ती

‘दुसऱ्या मजल्यावरील जड व्यक्तींनी पहाटे उड्या मारू नयेत, ही नम्र विनंती.’ इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर पडला आणि पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाडं दोन. समोरच्यांचं कुलूप, ते पुण्याला मुलीकडे. उरलो मी.

‘जड’ एक वेळ पोटात घातलं. जागाही तिथेच आहे. पण उड्या? मी उड्या मारत नाही हो. व्हिडिओ लावून व्यायाम करतो, पण उडीचा भाग आला की पाय जमिनीवर ठेवूनच करतो, आणि ते आळसापायी नव्हे.

व्हिडिओवर लिहिलेलं असतं ‘बिगिनर’. तिसऱ्या मिनिटाला जंप स्क्वॉट, म्हणजे बैठकीतून उडी, हजर. आपल्याकडे खाली काँक्रीटचा स्लॅब आणि वर विट्रिफाइड टाइल, कणभरही दबत नाही. उडी मारून खाली येताना वजनाच्या कितीतरी पट भार पायांतून जातो. तो मांडी, पोटरी आणि कुल्ल्याच्या स्नायूंनी झेलायचा असतो. ते कच्चे असतील तर उरलेली उधारी गुडघ्याच्या वाटीवर चढते. सहा मिलिमीटरच्या योगा मॅटने यात काही फरक पडत नाही, ती हात घसरू नयेत म्हणून असते. जाड मऊ गादी घातली तर घोटा डळमळतो. तालमीत आजोबांची पिढी तेल, ताक, हळद घालून मळलेल्या मातीत घुमायची. आपण इंदूरच्या लोकमान्य नगरात ओल्या टाइलवर उडतो. ओल्या अशासाठी, की 2017 साली स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर आला तेव्हापासून फरशी कोरडी राहू द्यायची नाही असा घरोघरी नेमच झालाय.

शिवाय शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो. स्नायूंना त्याहून जास्त लागतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या टेंडनला रक्तपुरवठा बेताचा, त्याला महिने लागतात. म्हणून महिन्याभराने घात होतो. छाती म्हणते चल, टेंडन म्हणतं थांब, आणि माणूस छातीचं ऐकतो.

हे सगळं ग्रुपवर लिहिणार होतो. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे काका वर आले. हातात लाल पाठीची लांबडी वही, रकाने आखलेले : तारीख, वेळ, धप्प, शेरा. ‘धप्प’च्या रकान्यात चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असे गठ्ठेच्या गठ्ठे. शेऱ्यात ‘चहा हिंदकळला’, ‘ही दचकली’, ‘रविवार असूनही’.

“काका, हा मी नाही. वर तिसऱ्या मजल्यावर ते नवीन जोडपं तीस दिवसांचं चॅलेंज करतंय. स्लॅबमधून भिंतीत, भिंतीतून खाली, असा आवाज उतरतो.”

“मग उतरताना तुमच्याकडे थांबत नाही का?”

याला भौतिकशास्त्रात उत्तर असेल. मला सुचलं नाही.

“आपण बराबर टेस्टिंग करू,” असं म्हणून त्यांनी खाली काकूंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि हॉलमधल्या एकुलत्या लाकडी खुर्चीत बसले. “हं, करा काय करता ते.”

आधी पाच-सात मिनिटं जागच्या जागी चालणं, हात फिरवणं, घोटे फिरवणं.

“आला का गं?”

“कोण?”

“आवाज!”

“नाही बाई.”

काकांनी ‘निरंक’ लिहिलं. नाराजीनेच.

“काका, आता खुर्ची लागेल.”

“मी बसलोय ना.”

“बसायलाच लागेल. बसून उठण्याचा व्यायाम आहे.”

“यात काय व्यायाम? आम्ही दिवसभर तेच करतो,” असं म्हणत ते दोन्ही हात मांड्यांवर रेटून, ‘आई गं’ म्हणत उठले आणि दिवाणावर जाऊन बसले. हातांचा टेका हीच तर पळवाट. साधारण अठरा इंची खुर्ची घ्यायची. पाय खांद्यांइतके फाकलेले, टाचा जमिनीला चिकटलेल्या. तीन मोजत खाली जायचं, बैठकीला नुसतं टेकायचं, भार टाकायचा नाही, आणि हात न लावता उठायचं. दहाचे तीन फेरे. जमत नसेल तर बैठकीवर उशी ठेवून उंची वाढवा, जमू लागलं की उशी काढा, मग बुटकं स्टूल. गुडघा बोटांच्या पुढे गेला तर पाप लागत नाही. तो आत, एकमेकांकडे वळायला नको, दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. लोक नेमकं पहिल्यावर ओरडतात आणि दुसरं सोडून देतात.

“आला?”

“शिट्टी आली. तिसरी. गॅस बंद करू का?”

“अगं, वरून!”

“वरून कुकरची कशी येईल?”

मला दंडांकडे वळायचं होतं, आणि काका दिवाणावर. आधी भिंतीला हात लावून दंड, मग ओट्याला, मग दिवाणाच्या कडेला, शेवटी जमिनीवर. एका पायरीवर बारा-पंधरा नीट निघाले की पुढची. कोपरं पंखांसारखी बाजूला न फाकवता अंगापासून अर्ध्या काटकोनात, नाहीतर खांदा कुरकुरतो. मनगट दुखत असेल तर मूठ वळून. व्हिडिओतल्या बर्पीच्या, म्हणजे खाली वाकून पाय मागे फेकायचे आणि उडी मारत उठायचं, त्या प्रकाराच्या जागीही हेच : दिवाणावर हात, एक पाय मागे, दुसरा मागे, तसेच पुढे, आणि सरळ उभं. 1930च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉयल हडलस्टन बर्पी यांनी ही चाचणी काढली ती साधी, शेवटची उंच उडी नाही की दंड नाही, फक्त चार वेळा करायची आणि आधी-नंतर नाडी मोजायची. त्या चारांची व्हिडिओवाल्यांनी मिनिटभर न थांबता चालणारी शिक्षा करून टाकली.

“काका, जरा दिवाण.”

“आता मी बसू कुठे?” आवाज चढलाच. आवाजाची चौकशी करायला आलेल्या माणसाचा.

शेवटी दोघे जिन्यात आलो. काका वरच्या पायरीवर बसले, मी खालची धरली. ही खरी परीक्षा. एका पायावर पायरीच्या कडेला उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच हळूहळू खालच्या पायरीला टेकवायची आणि वर यायचं. कठडा फक्त तोल जाईल तेव्हा. प्रत्येक पायाने दहा वेळा, गुडघा आत न वळता, कंबर न लचकता, दुखल्याशिवाय. हे ज्याला जमत नाही त्याने उडीचं नाव काढू नये. त्याला पुलाचा व्यायाम, म्हणजे उताणं पडून कंबर उचलणं, आणि पायरीच्या कडेला टाचा वर-खाली, पंधराचे तीन फेरे, एवढंच अजून काही आठवडे.

जमलं तर पुढे दोन्ही पायांवर बोटभर उंचीच्या उसळ्या, दहाच्या दोन. मग सर्वात खालच्या पायरीवरून खाली येऊन तीन सेकंद पुतळा. आठवड्यातून दोनदा, मध्ये एक-दोन दिवस सोडून. आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची : वेळ किंवा उंची किंवा दिवस. पाय टेकताना आवाज जितका कमी, तितका भार स्नायूंनी झेललाय असं धरायचं.

हे मी काकांना सांगत होतो. तुम्ही माझे शत्रू नाही, उलट मोजमापाचं यंत्र आहात, असंही म्हटलं. त्यांना ते आवडलं असावं, पेन खाली आलं होतं. तेवढ्यात डोक्यावर धाडकन झालं. पुन्हा झालं.

“आला! आला!” फोनमधून काकू.

“ऐकलंत? मी इथे उभा आहे. दोन्ही पाय पायरीवर. आवाज वरून आला.”

“वरूनच तर आला म्हणतेय ती,” काका म्हणाले आणि माझ्या रकान्यात रेघ ओढली. मग दुसरी.

मला खरंच राग आला. गंमत एका बाजूला. ज्याचे गुडघे दुखतात त्याला कोणी म्हणतं चाल, कोणी म्हणतं चालू नको, कोणी तेल सांगतं. आणि जो माणूस दुखू नये म्हणून मुंगीच्या पावलांनी वर चढतोय, त्याला ग्रुपवर ‘जड’. ज्याने नवव्या दिवशी शंभर उड्या मारल्या त्याच्या फोटोला अंगठे.

तो तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा थोड्या वेळाने खाली आला. आडवा होऊन, दोन्ही हातांनी कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत. उजव्या गुडघ्याला क्रेप बँडेज. त्याला म्हटलं, बाबा रे, व्यायामात दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते पहिल्याइतकं उतरायला हवं. मांडीचे स्नायू दोन-तीन दिवस ठणकणं निराळं आणि सांधा दुखणं निराळं. सूज असेल, गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल, तर व्हिडिओ बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे.

“हां भिया, सूजन तो हे,” तो म्हणाला. “पर डे नाइन चल रिया हे. स्ट्रीक टूट जाएगी.”

काका पायरीवर बसलेलेच होते. त्यांनी त्याला प्रेमाने वाट करून दिली, “संभलके बेटा” म्हणाले आणि मला म्हणाले, “बघा. किती हळू चालतो बिचारा. आवाज नाही काही नाही.”