बाजार टिकला, मॉल पाडावा लागला

पुण्यातल्या दादाशी फोनवर दर रविवारी एकाच विषयावर वाद होतो. भर शहरातले जुने बाजार पाडून तिथे पार्किंगसकट टोलेजंग संकुलं बांधावीत, असं त्याचं म्हणणं. 'तुमच्याकडे नाही का केलं?' हा त्याचा हुकमी सवाल. केलं, पण पुढे काय झालं तेही ऐकायला हवं.

मी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये राहते. ११६६ साली राजा दुसऱ्या हेन्रीने इथल्या जमीनदाराला दर गुरुवारी बाजार भरवायची सनद दिली. मध्यवस्तीतला बुल रिंगचा बाजार तेव्हापासूनचा, शहर त्याच्याभोवती वाढलं. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जुनी बंदिस्त मंडई जळाली. मग १९६४ मध्ये तिथे बुल रिंग सेंटर उभं राहिलं. सगळं एका छताखाली, शेजारी बस स्थानक, गाड्यांना भरपूर जागा. त्या काळात ही मोठीच नवलाई होती.

पण रस्ता आखला तो मोटारींसाठी. नव्या रिंग रोडने मध्यवस्तीला विळखाच घातला आणि पायी येणाऱ्यांना भुयारी मार्गांत ढकललं. पिशव्या घेऊन, लेकरू कडेवर घेऊन कोण त्या अंधाऱ्या बोगद्यांतून रोज जाणार? दुकानं ओस पडत गेली. २००० मध्ये पाडापाडी सुरू झाली. जेमतेम ३६ वर्षं!

२००३ मध्ये नवं बुलरिंग उघडलं. त्यातल्या सेल्फ्रिजेस या बड्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या १५,००० ॲल्युमिनियमच्या चकत्यांचे फोटो दादाने पाहिलेत. मला त्याहून मोलाची वाटते ती न्यू स्ट्रीटवरून सेंट मार्टिन चर्चकडे उतरणारी मोकळी पायवाट. ती परत मिळाली आणि माणसं परतली. चर्चच्या मागे भाजीचे ठेले आजही लागतात. भेंडी मी तिथूनच आणते. आता मात्र त्या भागाचाही पुनर्विकास व्हायचा आहे. आराखड्यात नवी मंडई आहे, तरी ठेलेवाल्यांना तिथलं भाडं झेपेल का, ही धास्ती मलाही वाटते. म्हणजे इथे सगळं आलबेल आहे असं मी दादाला सांगत नाही.

आपली पुण्याची मंडई १८८६ ची, मूळची रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावावा, असं त्यांचं मत होतं. आज तिला त्यांचंच नाव आहे. सार्वजनिक पैसा नेमका कुणाच्या पदरात पडतो, हे तेव्हाही भांडून विचारावं लागलं होतं.

दादा, जुनं छप्पर गळतं, गटारं तुंबतात, सगळं मान्य. ते दुरुस्त कराच. पण नव्या संकुलाचं चकचकीत चित्र मला पाठवण्याआधी त्याचा तळमजल्याचा नकाशा पाठव. त्यात आज फुटपाथवर पाटी घेऊन बसणाऱ्या मावशींची जागा दाखव, तिचं महिन्याचं भाडं लिही, आणि बस स्टॉपवरून तिथवर चालत कसं यायचं तेही.