पाणी बदला म्हणे!

"पाणी मेलंय वहिनी, सोडून द्या आणि नवीन भरा." हे वाक्य आता ज्याच्या तोंडून येईल त्याला मी गेटबाहेर काढणार आहे. स्विमिंग पूलचा मेंटेनन्सवाला म्हणून महिन्याचे पैसे घेतोस आणि तुझ्याकडं उत्तर एकच? पाणी बदला?

आमची पोहण्याची टाकी आठ मीटर लांब, चार रुंद, सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल. म्हणजे जवळपास ४५ हजार लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी हिशेब धरला, तर चौघांच्या घराला पावणेतीन महिने पुरेल एवढं पाणी. ते व्हॉल्व्ह फिरवून गटारात सोडायचं, तेही एप्रिलमध्ये, जेव्हा उपनगरातल्या बायका टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या असतात? थेट पाईपलाईनसाठी या कोल्हापूर शहरानं वर्षानुवर्षं आंदोलनं केली, तेव्हा कुठं २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी आलं. त्या शहरात राहून असं बोलवतं कसं?

आणि संताप याचा की पाणी बिघडवणारा हाच! येतो, तरंगत्या डब्यात पांढऱ्या टॅबलेट टाकतो, निघून जातो. त्या टॅबलेटमध्ये नुसता क्लोरीन नसतो, सायन्युरिक अ‍ॅसिडही असतं. त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. ते थोडं लागतंच, नाहीतर कोल्हापूरच्या उन्हात क्लोरीन दुपारपर्यंत उडून जाईल. ३० ते ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात ३० ते ५० भाग, ठीक. पण क्लोरीन खर्च होतो आणि हे पाण्यातच साचत जातं. टॅबलेटमधून रोज दोन पीपीएम क्लोरीन दिला की महिन्यात स्टॅबिलायझर ३५ पीपीएमच्या आसपास वाढतं. तीन-चार महिन्यांत शंभरच्या वर. मग ते क्लोरीनला असं धरून ठेवतं की क्लोरीनचा आकडा तीन दिसतो आणि शेवाळ मात्र वाढतच राहतं. हा गडी काय करतो? आणखी टॅबलेट! मग खरंच पाणी काढल्याशिवाय इलाज उरत नाही. रोग याचा, औषध याचं, आणि टँकरचं बिल आमचं.

साधं द्रव हायपो, म्हणजे स्टॅबिलायझर नसलेला पातळ क्लोरीन, रोज संध्याकाळी मोजून टाकलं असतं तर यातलं काही झालं नसतं. पण त्यासाठी रोज यावं लागतं, मोजावं लागतं. मोजणं तर यांच्या गावीच नाही. खिशातून विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काढतात, पाण्यात बुडवतात आणि "आठशे आलंय बघा" म्हणून मान हलवतात. अरे, त्या मीटरला क्लोरीनचं काय कळतं? पीएच बघ, पाणी किती आम्ल, किती अल्क ते. ७.५ ला क्लोरीन साधारण निम्मा कामाचा असतो, आठवर गेला की पाव भागही धड उरत नाही. नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत पाणी ओतून स्टॅबिलायझर मोजायची चाचणी असते, ती या लोकांपैकी एकानंही माझ्यासमोर केलेली नाही. वास आला की म्हणे क्लोरीन जास्त झाला. डोळे झोंबवणारा तो वास घामात-लघवीत अडकलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे उलट क्लोरीन कमी पडतोय!

एकानं शेवाळावर मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, आणलं. द्राक्षबागेत फवारतात तेच. पोरांनी त्यात पोहायचं? शेवाळ मरतं खरं, पण तांबं पाण्यातच राहतं, भिंतीला डाग पडतात, पांढऱ्या केसांवर हिरवी झाक येते. आणि नंतर ते पाणी सोडायचं कुठं? नाल्यात. नाल्यातून पंचगंगेत. तांबं माशांना किती घातक असतं हे याला कोण सांगणार? नदीच्या नावानं आपण सगळे गळा काढतो आणि मागच्या दारानं हे उद्योग.

यापेक्षा भयंकर म्हणजे परवा एक पोरगा एकाच बादलीत टॅबलेटचा चुरा आणि ब्लीचिंग पावडर कालवायला निघाला होता. हात धरला म्हणून बरं. ही दोन्ही एकत्र आली तर आग लागते, स्फोट होतो. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मालकानं बादली दिली आणि पाठवलं! त्या पोराच्या डोळ्यांना काही झालं असतं तर मालक आला असता का दवाखान्यात?

पावसाळ्यातही सल्ला तोच. पावसानं पाणी गढुळलंय, रिकामी करा. जुलैत आमच्याकडं जमिनीखाली पाणी किती वर येतं माहीत आहे? भरलेली टाकी स्वतःच्या वजनानं बसून राहते. रिकामी केली की खालून पाणी रेटतं, तळाला तडे जातात, कधी सगळी टाकीच उचलली जाते. मग लाखांचं काम निघतं आणि ते करायला पुन्हा हेच हजर.

आता माझ्या दारात येणाऱ्यानं आधी पीएच, क्लोरीन, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) आणि स्टॅबिलायझर हे चार आकडे वहीत लिहून दाखवायचे. फिल्टरचा प्रेशर गेज बघायचा, काटा स्वच्छ फिल्टरपेक्षा आठ-दहा पीएसआय (दाबाचं एकक) वर गेला असेल तरच बॅकवॉश करायचा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा, उगाच दर रविवारी शेकडो लिटर वाहवायचे नाहीत. आणि व्हॉल्व्हला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. जमत नसेल तर पैसे मागायला येऊ नका.