मनगटावरचा मुकादम

पोहणं, सायकल चालवणं आणि धावणं या तिन्ही गोष्टी मला सुट्या सुट्या बेताच्याच येतात. त्या एकापाठोपाठ एक केल्या तर कुठली जास्त वाईट झाली ते निदान कोणाला कळणार नाही, या व्यवहारी हिशेबाने मी ट्रायथलॉनच्या नादी लागलो. ऑलिंपिक अंतर म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि वर १० किलोमीटर धावणं. जाणकार सांगतात की या खेळात चौथाही एक प्रकार असतो : ट्रान्झिशन, म्हणजे ओल्या अंगाने हेल्मेट चढवणं, बूट बदलणं वगैरे. जाणकारांचा मान राखून सांगतो, तो पाचवा. चौथा प्रकार म्हणजे घड्याळ.

मल्टिस्पोर्ट जीपीएस घड्याळ म्हणतात याला. वेळसुद्धा दाखवतं. पण कोणी सहज "किती वाजले हो?" म्हणून विचारलं, तर मला आधी नाडी दिसते, मग पावलं, मग सूर्यास्त, आणि वेळ सापडेपर्यंत विचारणारा पुढे निघून गेलेला असतो. बटणं पाच. प्रत्येकाचा हलकं दाबल्यावर एक अर्थ आणि धरून ठेवल्यावर दुसरा. पाण्यात सुरकुतलेल्या अंगठ्याला हा भेद कळत नाही, आणि घड्याळाला अंगठ्याची अडचण कळत नाही. पगार न मागणारा, चोवीस तास हजर राहणारा आणि माझ्या कामावर कायम नाखूश असलेला एक मुकादम मी पदरचे पैसे मोजून मनगटावर बांधून घेतला आहे.

बाकीचे लोक सकाळी घराबाहेर पडतात आणि चालू लागतात. मी घराबाहेर पडतो आणि थांबतो. घड्याळाला उपग्रह हवे असतात. एक-दोन नव्हे, किमान चार. तेही २०,२०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला ५० बिट इतक्या निवांतपणे आपला ठावठिकाणा सांगत असतात. एकेका उपग्रहाला आपली कक्षा आणि आपली वेळ एकदा सांगून व्हायला अर्धा मिनिट लागतो. फोनशी जोडलेलं असेल तर घड्याळ ही माहिती आधीच उतरवून घेतं आणि सगळं काही सेकंदांत उरकतं. पण ते फोनशी कधी बोलेल आणि कधी अबोला धरेल, याचा नेम नाही. तोवर मी डावा हात आकाशाकडे करून उभा.

"काय हो, खांदा धरलाय का?" फिरायला निघालेल्या शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"नाही आजोबा, उपग्रह शोधतोय."

त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "दिसतात का हो उजेडी?" असं म्हणून ते गेले. परत आले तेव्हाही मी तिथेच होतो. त्यांच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि त्यांच्या हातात काठीखेरीज कुठलंही उपकरण नव्हतं.

अशा वेळी मला पहिल्या आयर्नमॅनची, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची मंडळी आठवतात. १८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईमधल्या ओआहू बेटावर ती शर्यत झाली. पोहणं ३.८ किलोमीटर, सायकल १८० आणि शेवटी अख्खी मॅरेथॉन. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पुरी केली. आणि २२ फेब्रुवारी १९७८ ला जीपीएसचा पहिला उपग्रह अवकाशात गेला. म्हणजे ती बारा माणसं अवघ्या चार दिवसांनी वाचली. त्यांना कोणी सांगितलं नाही की तुमची झोप कमी झाली आहे. पुढे मे २००० मध्ये अमेरिकेने सर्वसामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सिडनीला ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. ही दोन भावंडं अशी हात धरूनच मोठी झाली आहेत. चुकीचं म्हणाल तर मुद्दाम घातलेली तेवढी काढली. स्वभावातली आहे ती आहेच.

तरणतलावात उपग्रहांचा काही उपयोग नसतो. तिथे मुकादम मनगटाच्या हालचालींवरून अंदाज बांधतो : हात फिरायचा थांबला, अंग वळलं, भिंतीला रेटा बसला, म्हणजे एक लांबी झाली. कोच आम्हाला फळी धरून नुसते पाय मारायला लावतात. मांड्या दगड होईपर्यंत मी पाय मारतो, पण हात फळीवर स्थिर असतात, त्यामुळे वहीत नोंद होते : विश्रांती. उलट लेनच्या मधोमध कोणी निवांत तरंगत असेल तर मी थांबतो, त्याला वळसा घालतो आणि पुन्हा हात मारू लागतो. घड्याळाला वाटतं भिंत आली. एक लांबी वाढते. त्यामुळे तलावात जितकी गर्दी जास्त, तितकं माझं पोहणं जास्त.

कुठल्या पद्धतीने पोहलो तेही ते ओळखतं. एकदा माझ्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, दिसेनासं झालं, हाताला लेनचा दोर लागला, आणि जीव वाचवण्याच्या गडबडीत मी दोन्ही हात एकदम पाण्यावर आपटले. चार-पाच वेळा. नंतर बघतो तर त्या लांबीसमोर लिहिलेलं : बटरफ्लाय. माझ्या हातून बटरफ्लाय आजवर तेवढंच झालं आहे आणि ती नोंद मी पुसू देणार नाही.

मग स्वोल्फ नावाचा एक आकडा असतो. एका लांबीला लागलेल्या सेकंदांत मारलेले हात मिळवायचे. सेकंद अधिक हात! असलं गणित शाळेत केलं असतं तर बाईंनी वही भिरकावली असती. त्यातही घड्याळ मोजतं ते फक्त ज्या हातात ते बांधलंय त्या हाताचे फटकारे. उजवा हात एवढा राबतो, त्याची दखल कुठेच नाही.

उघड्या पाण्यात, म्हणजे तळ्यात किंवा समुद्रात, उपग्रह परत कामाला येतात, पण जीपीएसच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. हात पाण्याबाहेर आला की घड्याळ घाईघाईने आकाश बघतं, काहीतरी समजतंय तोवर हात पुन्हा पाण्यात. उरलेली रेघ ते मनाने काढतं. नकाशावर बघावं तर मी तळ्यातून निघून काठावरच्या झाडीत शिरलेला असतो, तिथून गाड्या लावायच्या जागेतून पोहत पोहत परत पाण्यात येतो. यावर अनुभवी लोकांचा एक तोडगा आहे : घड्याळ पोहण्याच्या टोपीखाली डोक्यावर ठेवायचं. डोकं बहुतेक वेळ पाण्याच्या वर-वर असतं, त्यामुळे रेघ बरीच सरळ येते. मी करून बघितलं. रेघ खरंच सरळ आली. फक्त मध्येच टोपीखाली ते थरथरू लागलं. किलोमीटर झाला की काय, की नाडी वाढली, की ऑफिसातून निरोप आला, ते कळायला मार्ग नव्हता. डोक्यात विचार यावेत तसं काहीतरी येत होतं एवढं खरं. काठावर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, टेंगूळ केवढं आलंय!"

सायकलवर तसा मुकादम शांत असतो. पण पडलेल्या माणसाला मदत मिळावी म्हणून त्यात एक सोय आहे. जोराचा हिसका बसला की घड्याळ समजतं अपघात झाला. मग ते उलटे आकडे मोजू लागतं आणि तेवढ्यात आपण नाही म्हटलं नाही तर घरी निरोप जातो. सोय चांगलीच आहे, त्याबद्दल दुमत नाही. परवा एक कुत्रं आडवं आलं, मी करकचून ब्रेक दाबला, कुत्रं गेलं, मी उभा राहिलो. मनगट थरथरत होतं, पण ते मुळातच कायम थरथरत असतं. शिवाय हातात मोजे. निरोप गेला. लगेच फोन.

"अहो, पडलात का?"

"नाही गं."

"पण इथे आलंय तुम्ही पडलात म्हणून. नकाशासकट."

"नाही पडलो. कुत्रं आलं होतं."

"चावलं?"

"नाही. ब्रेक मारला नुसता."

"खरं सांगा. तुम्ही दुखलं-खुपलं कधी सांगत नाही. घड्याळ कशाला खोटं बोलेल?"

घरी पोचेपर्यंत दारात हळद, कापूस आणि सासूबाई तयार होत्या. गुडघे दाखवावे लागले. दोन्ही.

शर्यतीच्या दिवशी मात्र सगळा खेळ एका बटणावर येतो. मल्टिस्पोर्ट लावलं की क्रम ठरलेला : पोहणं, पहिलं ट्रान्झिशन, सायकल, दुसरं ट्रान्झिशन, धावणं. एक टप्पा संपला की लॅपचं बटण एकदा दाबायचं. एकदाच. पाण्यातून बाहेर येताना पाय वाळूत रुतलेले, कानात पाणी, मागचा पुढे घुसतोय. दाबलं गेलं की नाही याची खात्री नाही, म्हणून पुन्हा दाबलं. दोन्ही लागले. मग टोपी काढताना मनगट घासलं, ते तिसरं. हेल्मेटच्या पट्ट्याशी झटापट झाली, ते चौथं. मी पेडल मारायला लागलो तेव्हा मुकादमाच्या मते माझी सायकल कधीच संपली होती आणि मी धावत होतो.

त्यामुळे त्याच्या लेखी मी ४० किलोमीटर धावलो, ताशी २७ च्या वेगाने. २०२३ मध्ये केनियाच्या केल्विन किप्टमने शिकागोत २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून विश्वविक्रम केला, तो वेग ताशी २१ पडतो. घड्याळाला यात काहीही वावगं वाटलं नाही. पडद्यावर चषक झळकला. सर्वांत वेगवान एक किलोमीटर, सर्वांत वेगवान पाच, सर्वांत वेगवान दहा, एकापाठोपाठ एक अभिनंदनं. पुढे मी खरोखर धावायला लागलो तेव्हा तळपाय जळत होते आणि वेग एवढा घसरला की एक बाई लेकराची गाडी ढकलत मला मागे टाकून गेल्या. तेव्हा ते काही बोललं नाही.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. मुकादमाने तो पराक्रम लक्षात ठेवला. आता मी सकाळी मान खाली घालून धावतो आणि तो त्या दिवसाशी तुलना करतो. तंदुरुस्ती : घसरण. सराव : निष्फळ. त्या नोंदी पुसता येतात हे मला माहीत आहे. पण माझ्या नावावर किप्टमच्या पुढचा वेग आहे, आणि माणसाकडे मनाचा मोठेपणा किती असणार?

नाडीचं प्रकरण आणखी वेगळं. घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. त्यांचा उजेड कातडीतून आत जातो आणि रक्त प्रत्येक ठोक्याला तो कमी-जास्त शोषतं, त्यावरून नाडी कळते. कल्पना सुरेख आहे. पण पट्टा थोडा सैल असला की धावताना हाताला बसणारे हिसके हेच ठोके समजून ते पावलं मोजू लागतं. मी मिनिटाला १७२ पावलं टाकत रमतगमत धावत असतो, आणि ते सांगतं नाडी १७२. २२० वजा वय या ढोबळ सूत्राने माझं काळीज १६८ च्या वर जायलाच नको. म्हणजे शास्त्राप्रमाणे मी संपलेलो असतो आणि तरी पुढच्या वळणावर कोणाला तरी हात करत असतो. पट्टा घट्ट केला की आकडा सुधारतो आणि बोटं निळी पडतात.

धावून आलो की निकाल : ७२ तास विश्रांती घ्या. मी आनंदाने कोचना फोन केला.

"सर, घड्याळ म्हणतंय तीन दिवस आराम."

"बरं. त्याला राहू द्या घरी. तुम्ही साडेपाचला ट्रॅकवर या."

कोचच्या मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ आहे. त्यांना काही बोलून उपयोग नसतो. म्हणून मी निदान त्या दिवसापुरती मुकादमाची आज्ञा पाळायची ठरवली आणि सोफ्यावर आडवा झालो. तासाभराने मनगट थरथरलं. पडद्यावर : बराच वेळ बसून आहात, उठा, हला! एकाच मालकाचे दोन हुकूम. मी उठलो, स्वयंपाकघरापर्यंत गेलो, परत येऊन आडवा झालो. त्याने शाबासकी दिली.

आमच्या साहेबांकडेही हेच घड्याळ आहे, माझ्यापेक्षा एक आवृत्ती पुढचं. १० किलोमीटरची शर्यत एकत्र धावलो की शेवटच्या रेषेपलीकडे सगळे जण दम खात मनगटं एकमेकांसमोर धरतात. माझ्यात १०.१४, साहेबांच्यात १०.२१, एका तरुण पोराच्यात ९.९६, आणि तो बिचारा लगेच उरलेले ४० मीटर पळायला निघतो. साहेबांचं मत ठाम असतं : मार्ग चुकीचा मोजलाय. खरं म्हणजे प्रमाणित मार्ग मोजतात ते सायकलच्या चाकाला यंत्र लावून, प्रत्येक वळण सर्वांत आतून घेत, आणि वर कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. आपण मात्र पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, ओळखीच्यांना बाजूने ओलांडतो आणि वळणं बाहेरून घेतो. हे सगळं मला ठाऊक आहे. पण साहेबांसमोर मी मार्गच चुकीचा आहे असं म्हणतो.

गेल्या आठवड्यात घड्याळाचं नवं अपडेट आलं. आता ते दिवसाची डुलकीसुद्धा ओळखतं. मंगळवारी दुपारी ऑफिसात तिमाही आढाव्याची मीटिंग होती, साहेब माझ्या शेजारीच बसले होते. स्लाइड संपल्या, दिवे लागले, आणि माझं मनगट थरथरलं : डुलकी, ४३ मिनिटं, दर्जा उत्तम. घड्याळ घेतल्यापासून इतकी बिनचूक नोंद त्याने केलेली नाही. मी हळूच हात टेबलाखाली घेतला. तेवढ्यात शेजारून तसाच थरथरल्याचा आवाज आला, साहेबांनी घाईने बाही खाली ओढली आणि पुढचा मुद्दा कोणता म्हणून मलाच विचारलं.