जहाज येतंय, जहाज येतंय!

माझ्या दादाला जहाजांचं वेड आहे. अमेरिकेत मिनियापोलिसला स्थायिक झाल्यावर अडीच तासांवर डुलुथ बंदर आहे हे त्याला कळलं, आणि वहिनीचे शनिवार-रविवार संपले. त्यामुळे मी पोचल्या पोचल्या "तू जाऊन येच गं त्याच्याबरोबर" असं ती ज्या मायेने म्हणाली, त्या मायेतच पाणी मुरत होतं.

पाणी म्हणजे लेक सुपीरियर. हे म्हणे तळं! क्षेत्रफळ 82,000 चौरस किलोमीटर. पाव महाराष्ट्र सहज बुडून वर थोडी जागा उरेल. लाटा आहेत, सीगल आहेत, दीपगृहं आहेत, फक्त मीठ घालायचं राहून गेलंय. जुलै महिना, मिनियापोलिसात घामाच्या धारा, आणि इथे माझे दात वाजत होते. दादा जाड जाकीट घालून आला होता. मला मात्र घरून निघताना बोलला नव्हता.

आधी 'विल्यम ए. अर्विन'. 1938 साली कामाला लागलेलं, 610 फूट लांब, 1978 पर्यंत राबून आता संग्रहालय झालेलं. मालवाहू जहाजात बघण्यासारखं काय असणार, तर दरवाजे. खाली उंचच उंच उंबरठा, वर बरोब्बर कपाळाला लागेल अशी चौकट. खाली बघावं तर डोकं आपटतं, वर बघावं तर नडगी फुटते. त्यात जिने म्हणजे नुसत्या शिड्या. इंजिनरूममध्ये दादाने वाफेच्या टर्बाइनला ज्या नजरेने न्याहाळलं, तसं लग्नात वहिनीकडेही पाहिलं नव्हतं. मी करवली होते, मला ठाऊक आहे.

पुढच्या बाजूला यू. एस. स्टील कंपनीच्या खास पाहुण्यांच्या खोल्या. लाकडाने मढवलेल्या भिंती, लखलखीत पितळ, वेगळं जेवणघर. जहाज वाहायचं लोहखनिज, पण थाट लग्नाच्या हॉलचा! त्या खुर्च्यांवर बसायला मनाई होती. माझ्या पायांच्या दृष्टीने हा सरळसरळ अन्याय.

मग पूल ओलांडून शेजारच्या विस्कॉन्सिनात, सुपीरियर गावी, 1896 सालचं 'मीटिअर'. व्हेलबॅक जातीचं हे एकच जहाज आता शिल्लक आहे. डेक गोलाकार, का, तर लाटा वरून घसरून जाव्यात. पुढचं नाकाड असं, की जुने खलाशी या जातीला चक्क डुकरं म्हणायचे. मला ते फार आवडलं. खरं सांगते, दिवसभरात भेटलेलं हे एकमेव जहाज ज्याला स्वतःच्या रूपाचा तोरा नव्हता.

आता चालत्या जहाजाची पाळी. डुलुथच्या कालव्यावर एक उचलता पूल आहे. जहाजाने भोंगा दिला की पूलही भोंग्याने उत्तर देतो आणि मधला अख्खा रस्ता लिफ्टसारखा वर जातो. जहाज इतकं जवळून सरकतं की खलाशाला "जेवलात का?" विचारावं. अर्थात, आलं तर. दादाच्या फोनवर एक हजारफुटी जहाज टिंबाच्या रूपात येत होतं. "अर्ध्या तासात येतंय!" अर्ध्या तासाने टिंब तिथेच. "नांगर टाकलाय बहुतेक. येईल गं, आत्ता येईल." आपल्या एसटीची वाट बघितलेल्या माणसानेच असा आशावाद बाळगावा.

शेवटी कंटाळून आम्ही गाडीने पुलापलीकडे पार्क पॉइंटच्या वाळूवर गेलो. परत निघालो, पुलाशी पोचलो, आणि घंटा वाजून फाटक पडलं. रांगेत आमची गाडी पहिली.

"आलं!" म्हणत दादा दार उघडून कालव्याकडे धावला. मला गाडीतून फक्त वर गेलेला रस्ता आणि एक सरकती तांबूस भिंत दिसत होती. तिकडे भोंग्याला भोंग्याने उत्तर गेलं. यथावकाश रस्ता खाली आला, फाटक उघडलं. दादा कठड्याशी उभा राहून दूर जाणाऱ्या जहाजाला हात हलवत होता. किल्ली त्याच्या खिशात, आणि मला तर साधी स्कूटीही येत नाही. अमेरिकेत कुणी हॉर्न वाजवत नाही असं ऐकून होते. मागच्या ट्रकवाल्याने वाजवला. चांगला लांबलचक. त्याला मात्र दादाने उत्तर दिलं नाही.