ग्रीनलँडचा ‘रिकामा’ किनारा: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

ग्रीनलँडविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर हातोहात फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, पण म्हणणे तेच राहते: ग्रीनलँड हे आफ्रिकेएवढे बेट आहे, ते सगळेच्या सगळे बर्फाखाली आहे, तिथे दर चाळीस चौरस किलोमीटरमागे जेमतेम एक माणूस आहे, म्हणजे किनारा रिकामाच आहे, पूर्व किनाऱ्यावर तर कधी कोणी राहिलेच नाही, ती जागा कोणाचीच नव्हती, जे थोडे लोक आहेत ते इग्लूत राहणारे भटके शिकारी आहेत, आणि त्यामुळे आजही कोणीही तिथे जाऊन फुकटात जमीन मिळवू शकतो. यातले एकच विधान आकड्यापुरते बरोबर आहे, आणि गंमत अशी की सर्वांत जास्त दिशाभूल तेच करते.

आकाराचा मुद्दा चटकन निकालात काढता येतो. भिंतीवरच्या नेहमीच्या मर्केटर नकाशात विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे क्षेत्र ताणले जाते, त्यामुळे ग्रीनलँड आफ्रिकेच्या बरोबरीचे दिसते. प्रत्यक्षात ग्रीनलँडचे क्षेत्रफळ सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर आहे आणि आफ्रिकेचे ३ कोटींहून अधिक, म्हणजे जवळजवळ चौदापट. भारताशी तुलना केली तर ग्रीनलँड भारताच्या सुमारे दोन तृतीयांश भरते. जगातले सर्वांत मोठे बेट ते आहेच. त्यासाठी आफ्रिकेला मध्ये आणण्याची गरज नाही.

‘सगळे बर्फाखाली’ हे विधान ऐंशी टक्के खरे आहे, पण इथे सगळा प्रश्न उरलेल्या वीस टक्क्यांचाच आहे. बेटाच्या मध्यभागी प्रचंड हिमस्तर पसरलेला आहे आणि त्याच्या कडेने किनाऱ्याला लागून सुमारे ४.१ लाख चौरस किलोमीटर जमीन बर्फाबाहेर आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३.०८ लाख चौरस किलोमीटर आहे, यावरून या ‘कडेचा’ अंदाज येईल. सगळी माणसे याच कडेवर राहतात. किनाराही सरळ रेषेत धावत नाही. फियॉर्ड, म्हणजे समुद्राच्या लांब चिंचोळ्या खाड्या, जमिनीत खोलवर घुसलेले असल्याने त्याची लांबी ४४,००० किलोमीटरच्या आसपास मोजली जाते, म्हणजे पृथ्वीच्या परिघापेक्षाही जास्त.

मात्र जमीन बर्फाबाहेर आहे म्हणून ती राहण्याजोगी असेलच असे नाही, आणि हा भाग मजकूर लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. अगदी उत्तरेला पिअरी लँड नावाचा विस्तीर्ण प्रदेश बराचसा हिममुक्त आहे, पण त्याचे कारण ऊब नसून कोरडेपणा आहे. हिमस्तर तयार होण्याइतका हिमवर्षावच तिथे होत नाही. ते एक थंड वाळवंट आहे. तिथे आज कायमची वस्ती नाही. याउलट पश्चिम किनाऱ्यावर राजधानी नूकपासून सिसिमिउतपर्यंतच्या पट्ट्यात मागे हिमस्तर असूनही समोरचा समुद्र हिवाळ्यात सहसा गोठत नाही, कारण दक्षिणेचे टोक वळसा घालून उत्तरेकडे जाणारा प्रवाह तिथे तुलनेने उबदार पाणी आणतो. बोटी वर्षभर चालतात आणि मासेमारी वर्षभर होते, त्यामुळे बहुसंख्य लोकही याच किनाऱ्यावर आहेत. ग्रीनलँडमध्ये माणूस कुठे राहील हे जमिनीपेक्षा पाणी ठरवते. एखाद्या गावाविषयी विचारण्याचा पहिला प्रश्न ‘समोरचा समुद्र किती महिने मोकळा असतो?’ हा आहे, आणि त्याचे उत्तर क्षेत्रफळाच्या तक्त्यात मिळत नाही.

आता तो बरोबर असलेला आकडा. लोकसंख्या सुमारे ५७,००० आणि क्षेत्रफळ २१.६६ लाख चौरस किलोमीटर. भागाकार केला तर दर अडतीस चौरस किलोमीटरमागे एक माणूस येतो. गणित चोख आहे, पण या भागाकारातले बहुतेक क्षेत्रफळ म्हणजे हिमस्तर, जिथे कोणी राहत नाही आणि कोणी राहावे अशी अपेक्षाही नाही. फक्त हिममुक्त जमीन धरली तर प्रमाण दर सात चौरस किलोमीटरमागे एक माणूस असे होते, तेही फसवेच, कारण एकतृतीयांशाहून अधिक लोक एकट्या नूकमध्ये राहतात. सुमारे वीस हजार वस्तीच्या या राजधानीत बहुमजली इमारती, बस, विद्यापीठ आणि घरांसाठी प्रतीक्षायादी आहे. तिथे १९६० च्या दशकात बांधलेली ‘ब्लॉक पी’ नावाची एक लांबलचक इमारत होती. साऱ्या ग्रीनलँडच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक टक्का लोक त्या एकाच इमारतीत राहत होते. २०१२ मध्ये ती पाडण्यात आली. सरासरी घनता जगात सर्वांत कमी असलेल्या प्रदेशातला शंभरातला एक माणूस एकाच छपराखाली राहत असेल, तर ती सरासरी नेमक्या कोणत्या जागेचे वर्णन करते? एकाही नाही.

लोक असे एकवटले हेही आपोआप घडलेले नाही. १९५३ मध्ये वसाहतीचा दर्जा संपून ग्रीनलँड डेन्मार्कचा भाग झाल्यानंतर शाळा, दवाखाने आणि मासळी-प्रक्रिया कारखाने मोजक्या शहरांत एकवटण्याचे धोरण राबवले गेले आणि लहान वस्त्यांमधून लोक शहरांकडे आणले गेले. डिस्को बेटावरचे कुल्लिस्साट हे कोळसा खाणीचे गाव १९७२ मध्ये खाणीसह बंद केले गेले व तिथल्या लोकांना घरे सोडावी लागली. म्हणजे किनाऱ्यावरचे काही ‘रिकामे’ ठिपके निसर्गाने रिकामे ठेवलेले नाहीत, ते माणसांनी निर्णय घेऊन रिकामे केलेले आहेत.

पूर्व किनाऱ्याचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. या किनाऱ्याला ग्रीनलँडच्या भाषेत ‘टुनू’ म्हणतात, म्हणजे पाठीकडची बाजू. उत्तर ध्रुवीय समुद्रातला बर्फ घेऊन दक्षिणेकडे वाहणारा पूर्व ग्रीनलँड प्रवाह या किनाऱ्याला खेटून जातो, त्यामुळे बाहेरच्या जहाजांना तो शतकानुशतके बंदच होता. दहाव्या शतकाच्या अखेरीस आइसलंडमधून आलेल्या नॉर्स (मूळच्या स्कँडिनेव्हियन) लोकांच्या ‘पूर्व वसाहती’चे नाव वाचून पुढच्या काळात अनेकांनी ती या बाजूला शोधली. प्रत्यक्षात ती नैर्ऋत्येला, आजच्या काकोर्तोकच्या परिसरात होती. १८२८ ते १८३१ या काळात ग्रा नावाचा डॅनिश नौदल अधिकारी तिच्या शोधात आग्नेय किनाऱ्याने गेला. त्याला नॉर्स अवशेष सापडले नाहीत. भेटले ते इनुइट, म्हणजे उत्तर ध्रुवीय प्रदेशातले मूळ रहिवासी.

१८८३ मध्ये गुस्ताव होल्म या डॅनिश नौदल अधिकाऱ्याची मोहीम निघाली ती ‘उमियाक’मधून. उमियाक म्हणजे लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली मोठी उघडी होडी; ती पारंपरिकरीत्या स्त्रिया वल्हवत, म्हणून डॅनिशमध्ये त्या मोहिमेचे नावच ‘बायकांच्या होडीची मोहीम’ असे पडले. मोठी जहाजे ज्या बर्फात अडकत, तिथे या हलक्या होड्या बर्फ आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यातून पुढे सरकत, आणि वाट बंद झाली की उचलून बर्फावर घेता येत. १८८४ मध्ये होल्म अम्मास्सालिकला पोहोचला आणि तिथे त्याने शिरगणती केली: ४१३ माणसे. युरोपला ज्यांचा पत्ता नव्हता असा एक पूर्ण समाज, स्वतःच्या बोलीसह तिथे नांदत होता. आज त्याच परिसरात तासीलाक हे सुमारे १,८०० वस्तीचे शहर आणि कुलुसुक, कुम्मिउत यांसारखी पाच लहान गावे आहेत. तिथली टुनुमीसुत बोली पश्चिमेच्या कालाल्लिसुतपेक्षा इतकी वेगळी आहे की काही अभ्यासक तिला स्वतंत्र भाषाच मानतात.

याच्याही उत्तरेला, जिथे आज खरोखर कोणी कायम राहत नाही, तिथलीही कथा ‘कधीच नाही’ अशी नाही. पिअरी लँडमध्ये चार हजार वर्षांपूर्वीच्या चुलींचे आणि तंबूंच्या दगडी वर्तुळांचे अवशेष मिळाले आहेत. १८२३ च्या उन्हाळ्यात क्लॅव्हरिंग हा ब्रिटिश कप्तान ईशान्य किनाऱ्यावरच्या एका बेटावर उतरला, तेव्हा त्याला बारा इनुइट भेटले. त्यांचे सीलच्या कातड्याचे तंबू, कायाक (एकट्याने वल्हवायच्या होड्या) आणि हार्पून (शिकारीचे दोर बांधलेले भाले) यांची त्याने नोंद केली आहे. ते बेट आज त्याच्या नावाने ओळखले जाते. त्यानंतर आलेल्यांना त्या भागात घरांचे पडके अवशेष दिसले, जिवंत माणूस दिसला नाही. ही बारा माणसे पुढे कुठे गेली हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे; ‘तिथे कधी कोणी राहिलेच नाही’ असे म्हणणे म्हणजे तो प्रश्नच पुसून टाकणे आहे.

‘जागा कोणाचीच नव्हती’ हा दावा तर नवाही नाही. तो एकदा न्यायालयात जाऊन हरलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेचे शिकारी पूर्व किनाऱ्यावर कोल्हे आणि अस्वले धरत, आणि ही भूमी मालकीहीन आहे असे नॉर्वेचे म्हणणे होते. १९२५ मध्ये डेन्मार्कच्या बाजूने ध्रुवप्रदेशाचा शोधक आयनार मिकेलसन याच्या पुढाकाराने स्कोर्सबी साउंड या महाकाय फियॉर्डच्या तोंडाशी नवी वस्ती वसवण्यात आली. सुमारे ८५ जण, बहुतेक अम्मास्सालिकचे, तिथे नेण्यात आले. अम्मास्सालिकला माणसांच्या मानाने शिकार अपुरी पडू लागली होती हे एक कारण होते, आणि किनाऱ्यावर आपली माणसे दिसावीत हे दुसरे. १९३१ मध्ये नॉर्वेने किनाऱ्याचा एक पट्टा ‘एरिक द रेडची भूमी’ म्हणून (एरिक हा ग्रीनलँडमधल्या नॉर्स वसाहतीचा संस्थापक) ताब्यात घेतल्याचे जाहीर केले, प्रकरण हेगच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि ५ एप्रिल १९३३ रोजी निकाल डेन्मार्कच्या बाजूने लागला. दोन राज्यांच्या या भांडणात ज्यांना बोटीत बसवून शेकडो किलोमीटर दूर नेले, त्यांचे स्वतःचे म्हणणे काय होते याला किती वजन होते, हे वेगळे सांगायला नको.

ती वस्ती आजही आहे. तिचे नाव इत्तोक्कोर्तूर्मीत, अर्थ साधारण ‘मोठ्या घरांतली माणसे’ असा. जवळचे गाव म्हणावे तर तासीलाकचा परिसर, आठशे किलोमीटरहून दूर, आणि मधल्या किनाऱ्यावर एकही कायमची वस्ती नाही. समुद्र वर्षातले बहुतेक महिने गोठलेला असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वाट मोकळी झाली की वर्षाचे सामान घेऊन एखाददुसरे मालवाहू जहाज येते. विमानतळ गावापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे आणि तिथून गावात यायला हेलिकॉप्टर लागते. मग गाव नेमके इथेच का? कारण फियॉर्डच्या तोंडाशी प्रवाह आणि वाऱ्यामुळे हिवाळ्यातही पाण्याचा एक पट्टा उघडा राहतो, आणि त्या उघड्या पाण्यावर सील, वॉलरस आणि नरव्हाल (लांब सुळ्याचे लहान देवमासे) येतात. पुन्हा पाणीच. गेल्या दोन दशकांत मात्र गावाची लोकसंख्या पाचशेच्या आसपासवरून साडेतीनशेच्या आसपास उतरली आहे. दहावीपुढचे शिक्षण घ्यायचे तर मुलांना गाव सोडावे लागते, आणि सगळी परत येत नाहीत. ‘रिकामा किनारा’ लिहिणाऱ्याने निदान हे लिहिले असते तर त्याच्या मजकुराला काही अर्थ आला असता.

इग्लूचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. ‘इल्लु’ या ग्रीनलँडच्या शब्दाचा अर्थच नुसता ‘घर’ असा आहे, आणि तिथली पारंपरिक हिवाळी घरे दगड आणि गवताळ मातीच्या ढेपांची असत. बर्फाची घरे मुख्यतः अगदी उत्तरेकडे आणि तीही प्रवासातल्या आडोशासाठी बांधली जात. आज लोक रंगीत लाकडी घरांत आणि सदनिकांत राहतात, निर्यातीचा फार मोठा भाग कोळंबी आणि हॅलिबटसारख्या मासळीचा आहे, आणि पूर्वेकडे व उत्तरेकडे शिकार अजूनही चालते, पण शिकारी रोज संध्याकाळी ज्या घरी परततो तिथे वीज आणि इंटरनेट असते.

फुकट जमिनीच्या आमिषाला भुलणारे कमी नसतील, म्हणून शेवटी तेही. ग्रीनलँडमध्ये जमिनीची खासगी मालकीच नसते. घर तुमचे असू शकते, ते विकताही येते. पण त्याखालची जमीन कोणाच्याच नावावर नसते, आणि बांधायचे तर नगरपालिकेकडून त्या जागेच्या वापराची परवानगी घ्यावी लागते. ईशान्येचा तो ‘सर्वांत रिकामा’ भाग तर १९७४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, त्याचा विस्तार आज ९.७२ लाख चौरस किलोमीटर आहे, आणि तिथे पाऊल ठेवायलाही आधी परवाना लागतो. डेन्मार्कच्या ‘सिरियस’ दलाचे सैनिक तिथे कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालतात. शिवाय ग्रीनलँड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात, येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्या माणसाच्या व्हिसावर ‘ग्रीनलँडसाठी वैध’ अशी स्पष्ट नोंद नसेल, तर कोपनहेगनच्या पुढचा प्रवास नियमात बसत नाही.