जुनी एडिशन "फसवून माथी मारली" या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल सॉरी, आणि माझा आवाज चढला असेल तर त्याबद्दलही, सिझनच्या गर्दीत काउंटरवर मी एकटाच असतो. पण तुम्ही लिहिलंय की "नेटवर्किंगचं बेसिक पुस्तक मागितलं तर काकांनी जुनी एडिशन फसवून माथी मारली, पूर्ण पैसे परत देत नाहीत आणि वर उलट प्रश्न विचारतात." यातलं "फसवून" लागलं मला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुम्ही आलात ते "टेलिकॉम नेटवर्किंगचं काहीतरी सोपं द्या, अडीचशेच्या आत" असं म्हणत. आता टेलिकॉम म्हटलं की एखाद्याला टेलिफोन एक्सचेंज आणि स्विचिंगचं पुस्तक हवं असतं आणि दुसऱ्याला टीसीपी-आयपी (इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते), म्हणून विचारलं की ब्रांच ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) का कॉम्प्युटर, सिलॅबसचा पॅटर्न कुठला, पेपरपुरतं हवंय का समजून घ्यायचंय. याला उलट प्रश्न म्हणतात का? न विचारता काहीतरी बांधून दिलं असतं तरी एक स्टारच पडला असता.

मग मी पुस्तकं काढून समोर ठेवली, आठवत असेल. कुरोस-रॉस (आम्ही पुस्तकं लेखकांच्या नावानेच ओळखतो) वरून खाली येतं, म्हणजे आधी वेब, ईमेल, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा), जे आपण रोज मोबाईलवर वापरतो ते, आणि मग हळूहळू खालच्या लेयर्स, म्हणजे नेटवर्कच्या कामाचे थर. पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मी हेच देतो, तुम्हालाही हेच घ्या म्हणालो. टॅनेनबॉम खालून वर जातं, वायर आणि सिग्नलपासून, पुस्तक उत्तमच पण शिकवणारं कोणी नसेल तर जड जातं. फोरोझानही खालूनच, पण आकृत्या भरपूर आणि भाषा सोपी. पहिल्या दोघांच्या अनुक्रमणिकेचे फोटो काढून तुम्ही किंमत बघून ती बाजूला ठेवलीत (फोटोबद्दल मी एक शब्द बोललो नाही). फोरोझानची नवीकोरी 5वी एडिशन दाखवली, तीही महाग पडली. शेवटी सेकंडहँडच्या रॅकमधून 4थी तुम्ही स्वतः काढलीत आणि 280 ची 240 करून घेतलीत. एडिशन कव्हरवरच छापलेली असते हो, मी काय त्यावर बोट ठेवून उभा नव्हतो.

आणि जुनी म्हणजे किती जुनी? 4थी एडिशन 2007ची, तेव्हा फोरजी बाजारातच नव्हतं, त्यामुळे मोबाईलचा धडा जीएसएम (टूजी), थ्रीजीपाशी थांबणार, फ्रेम रिले आणि एटीएम (पैसे काढायचं नाही, नेटवर्कचं) या डेटा पाठवायच्या जुन्या पद्धतींवर अख्खा धडा आहे जो आज कोणी फारसा वाचत नाही. हे दोन सोडा असं मी तेव्हाच सांगितलं होतं. बाकी ओएसआय मॉडेलच्या सात लेयर्स, सीआरसी आणि हॅमिंग कोड (डेटातल्या चुका पकडायच्या रीती), सबनेटिंग (एका नेटवर्कचे छोटे भाग पाडणं) यात काय बदललंय? इंटरनेटवरच्या मशीनला मिळणारा आयपीव्ही4चा अ‍ॅड्रेस तेव्हाही 32 बिटचा होता, आजही 32 बिटचाच आहे. 5व्या एडिशनमध्ये धड्यांचा क्रम हलवलाय, त्यामुळे सरांनी सांगितलेले धडा नंबर जुळत नाहीत ही तुमची अडचण खरी आहे, मान्य. पण त्याला फसवणूक म्हणत नाहीत.

राहिलं परत घेण्याचं. सेकंडहँड पुस्तक परत आणलं तर अर्ध्या किमतीत घेतो, काउंटरमागे पाटी आहे, या चौकातल्या बहुतेक दुकानांत हीच पद्धत आहे. तुम्ही आलात सेमिस्टरचा पेपर झाल्यावर, म्हणालात उघडलंसुद्धा नाही. मी उघडलं तर सबनेटिंगच्या पानावर निळ्या पेनाने /26 चं गणित (32 पैकी 26 बिट नेटवर्कचे) सोडवलेलं, मास्क 255.255.255.192, होस्ट म्हणजे जोडता येणारी मशीन्स 62, बाजूला तीन चांदण्या आणि आयएमपी. गणित बरोबर होतं, ते मी तिथे बोललोही, आणि तेच बहुतेक तुम्हाला झोंबलं. वर अक्षर तुमचं नाही म्हणालात. असेलही कोणाचं, पण पुस्तक देताना पानं चाळूनच देतो मी.

ऑनलाईनवाल्यांच्या डिस्काउंटपुढे आमच्यासारख्यांचं आधीच कठीण झालंय, त्यात कालच एक पालक काउंटरवर हा रिव्ह्यू मोबाईलवर दाखवून "जुनं तर देत नाही ना" विचारत होते. असो. यापुढे बिलावर एडिशन लिहून द्यायचा प्रयत्न करू, मुलाला सांगितलंय, गर्दीच्या वेळी जमेल तसं. तुमचं पुस्तक घेऊन या, 120 रोख देतो, किंवा 5वी हवी असेल तर तेवढे वजा करून देतो, सकाळी या म्हणजे नीट बोलता येईल. स्टार किती द्यायचे ते तुमचं तुम्ही बघा, तेवढा "फसवून" शब्द काढलात तर बरं होईल.